पासिकिवींची ‘रेषा’ : एका चरित्रसंज्ञेची चिकित्सा

१

एखाद्या मुत्सद्द्याचे नाव त्याच्या धोरणाला कायमचे चिकटले, म्हणजे त्याच्या चरित्रकाराचे काम सुलभ होते. परंतु चरित्राच्या अभ्यासकाचे काम त्याच मानाने अवघड होऊन बसते. फिनलंडचे युद्धोत्तर पंतप्रधान व पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले युहो कुस्ती पासिकिवी (१८७०–१९५६) ह्यांच्या बाबतीत असेच घडले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पराभूत फिनलंडची सूत्रे त्यांच्या हाती आली. सोव्हिएत संघाचा विश्वास संपादन करावयाचा आणि त्या विश्वासाच्या बळावर देशाचे स्वातंत्र्य व अंतर्गत लोकशाही टिकवावयाची, असा मार्ग त्यांनी पत्करला. ह्या मार्गाला फिनिश भाषेत ‘पासिकिवेन लिन्या’, म्हणजे ‘पासिकिवींची रेषा’, असे नाव पडले. त्यांचे उत्तराधिकारी उर्हो केक्कोनेन ह्यांच्या दीर्घ कारकीर्दीत दोघांची नावे जोडून तीच रेषा पुढे वाढविण्यात आली.

मराठीत ‘लिन्या’ ह्या शब्दाचे भाषांतर ‘धोरण’ असे करणे अधिक स्वाभाविक ठरले असते. प्रस्तुत लेखात ‘रेषा’ हाच शब्द ठेवला आहे, त्याला कारण आहे. धोरण वेळोवेळी बदलू शकते. त्याला आरंभ असतो आणि अंतही असतो. रेषा म्हटली की सरळपणा, सातत्य आणि एकच दिशा ह्यांची कल्पना मनात आपोआप उभी राहते. ह्या शब्दामुळे पासिकिवी ह्यांच्या शहाऐंशी वर्षांच्या आयुष्यावर एक भूमितीय आकृती लादली गेली. त्यांच्यासंबंधी लिहिताना पुष्कळ लेखक ती आकृती गृहीत धरून चालतात आणि पूर्वायुष्यातील घटना तिच्यात बसवून घेतात. ही आकृती त्यांच्या जीवनक्रमाला आणि त्यांच्या लेखनाला कितपत लागू पडते, हे पाहणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

ह्या विवेचनाला आधार म्हणून पासिकिवी ह्यांचे तीन प्रकारचे लेखन उपलब्ध आहे. पहिला प्रकार भाषणांचा. १९४४ ते १९५६ ह्या काळातील त्यांच्या भाषणांचा संग्रह १९५६ मध्ये निघाला, आणि त्याचे शीर्षकच ‘पासिकिवेन लिन्या’ असे होते. दुसरा प्रकार आठवणींचा. १९३९ ते १९४१ ह्या काळातील आपल्या मॉस्को येथील कामगिरीचा वृत्तान्त त्यांनी लिहून ठेवला होता. तो त्यांच्या निधनानंतर १९५८ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. तिसरा प्रकार रोजनिशीचा. १९४४ ते १९५६ ह्या वर्षांची त्यांची रोजनिशी १९८५–८६ मध्ये प्रकाशात आली. माणूस एकच, पण सभेसमोर बोलताना, भूतकाळाची मांडणी करताना आणि रात्री स्वतःशी हिशोब करताना त्याची भाषा एकच राहत नाही. तीन प्रकारांतील हा भेद दुर्लक्षून कोठूनही उतारे वेचणे, हा पासिकिवी-विषयक लेखनातील एक मोठा दोष आहे.

२

पासिकिवी हे नाव मुळात एक भाषांतर आहे. त्यांच्या घराण्याचे आडनाव ‘हेल्स्टेन’ असे स्वीडिश होते. स्वीडिश भाषेत ‘हेल’ म्हणजे सपाट खडक व ‘स्टेन’ म्हणजे दगड. फिनिश भाषेत ‘पासि’ म्हणजे शिळा व ‘किवी’ म्हणजे दगड. लाहती येथील एका व्यापाऱ्याच्या ह्या मुलाने किशोरवयातच स्वीडिश नाव टाकून त्याचा फिनिश पर्याय स्वीकारला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिनिशभाषक समाज विद्यापीठांत, न्यायालयांत व सरकारी कचेऱ्यांत स्वीडिश भाषेच्या बरोबरीचे स्थान मागत होता; नावाचा हा बदल त्याच चळवळीचे फलित होय. अर्थ कायम ठेवून भाषा बदलावयाची, ही रीत पासिकिवी ह्यांच्या पुढील आयुष्यालाही एका परीने लागू पडते.

तरुणपणी ते रशियन भाषा शिकण्यासाठी नोव्हगोरोड येथे जाऊन राहिले होते. १९०१ मध्ये त्यांनी कायद्याची डॉक्टरेट मिळविली आणि पुढे ते सरकारी खजिन्याचे प्रमुख झाले. त्या वेळी फिनलंड हे रशियाच्या झारच्या अधिपत्याखालील स्वायत्त संस्थान होते, आणि १८९९ च्या फेब्रुवारी-जाहीरनाम्याने त्या स्वायत्ततेवर उघड आघात केला होता. ह्या आघाताला कसे तोंड द्यावे, ह्याविषयी फिनिश समाजात दोन पक्ष पडले. एक पक्ष घटनेच्या अक्षराला चिकटून रशियन हुकूम सर्वस्वी अमान्य करीत होता. दुसरा, ‘जुने फिन’ म्हणून ओळखला जाणारा पक्ष, साम्राज्याचे संरक्षणविषयक हितसंबंध मान्य करून बाकीचे वाचवावे अशा मताचा होता. पासिकिवी ह्या दुसऱ्या पक्षात होते. मराठी वाचकाला ह्या पक्षास ‘मवाळ’ म्हणण्याचा मोह होईल. परंतु तो आवरला पाहिजे. रशियाशी मिळते घेणारे हे जुने फिन भाषेच्या प्रश्नावर मात्र अत्यंत आग्रही होते.

ह्या पक्षाच्या मिळते घेण्यालाही मर्यादा होती. १९०८ मध्ये पासिकिवी सिनेटमध्ये गेले, आणि १९०९ मध्ये पीटर्सबर्गच्या मागण्या त्या मर्यादेबाहेर जात आहेत असे दिसताच ते सिनेटमधून बाहेर पडले. पुढे १९१४ पासून १९३४ पर्यंत ते फिनलंडमधील एका मोठ्या बँकेचे मुख्य संचालक होते. मुत्सद्दी पासिकिवींच्या मागे हा बँकर पासिकिवी सदैव उभा असतो, हे विसरता कामा नये. समोरच्या माणसाला काय आवडते ह्यापेक्षा त्याची खरी गरज काय आहे, हे जोखण्याचा त्यांचा अभ्यास राजकारणाइतकाच पेढीवरही झाला होता.

३

आता रेषेच्या कल्पनेला प्रतिकूल असलेली पहिली मोठी घटना पाहू. १९१७ च्या डिसेंबरात फिनलंड स्वतंत्र झाला, १९१८ च्या आरंभी तेथे यादवी युद्ध झाले, आणि त्यानंतर मे महिन्यात पासिकिवी सरकारचे प्रमुख झाले. ह्या सरकारने आपली सारी भिस्त जर्मनीवर ठेवली. फिनलंडमध्ये राजसत्ता स्थापून हेसेचे राजपुत्र फ्रीड्रिख कार्ल ह्यांना गादीवर बसवावे, असा घाट घालण्यात आला, आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये त्यांची राजा म्हणून निवडही झाली. महिनाभरात जर्मनीचा पराभव झाला. राजा फिनलंडमध्ये येण्यापूर्वीच ही योजना संपली आणि नोव्हेंबरात पासिकिवी पायउतार झाले. पूर्वेकडील शेजाऱ्याशी सलोखा हे ज्यांच्या नावाचे लक्षण मानले जाते, त्यांनी सत्तेवरील आपला पहिला काळ पश्चिमेकडील महासत्तेच्या आश्रयाने त्या शेजाऱ्यापासून संरक्षण मिळविण्यात घालविला, ही वस्तुस्थिती आहे.

दोनच वर्षांनी तेच पासिकिवी तार्तू येथे सोव्हिएत रशियाबरोबर झालेल्या तहाच्या वाटाघाटींत फिनिश शिष्टमंडळाचे नेते होते. १४ ऑक्टोबर १९२० च्या ह्या तहाने फिनलंडला पेत्सामोचा मुलूख आणि उत्तर महासागराचा किनारा मिळाला. उलट पूर्व कारेलियातील रेपोला व पोरायार्वी हे दोन जिल्हे त्याने रशियाला परत दिले. कारेलियाच्या संयोगभूमीवरील सीमा तत्कालीन पेत्रोग्राडपासून अवघ्या ३२ किलोमीटरांवर राहिली. रशिया दुर्बल असताना मिळालेली ही सीमा तो सबळ झाल्यावर मान्य करील काय, हा प्रश्न तार्तूच्या तहातच दडलेला होता. १९३९ मध्ये तो उघड झाला, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी पुन्हा पासिकिवी ह्यांनाच पाठविण्यात आले.

४

१९३९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातील मॉस्को-वाटाघाटी हा पासिकिवी ह्यांच्या आठवणींचा गाभा आहे. ते त्या वेळी स्टॉकहोम येथे राजदूत होते, आणि वयाची सत्तरी त्यांनी जवळजवळ गाठली होती. स्टालिन व मोलोटोव्ह ह्यांच्या मागण्या मुख्यतः अशा होत्या : लेनिनग्राडजवळची सीमा मागे हटवावी, फिनलंडच्या आखातातील काही बेटे द्यावीत, आणि हांको येथे नाविक तळासाठी ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने जागा द्यावी. त्यांनी मागितलेला मुलूख सुमारे २,७६१ चौरस किलोमीटर होता. मोबदल्यात देऊ केलेला सुमारे ५,५२९ चौरस किलोमीटर, आणि तो होता रेपोला व पोरायार्वी ह्याच भागातील. जे जिल्हे १९२० मध्ये पासिकिवी ह्यांनी स्वतः सही करून परत दिले होते, तेच १९३९ मध्ये त्यांच्यासमोर मोबदला म्हणून ठेवण्यात आले.

ह्या वाटाघाटींचे दुसरे साक्षीदार म्हणजे वैनो टान्नर. समाजवादी लोकशाही पक्षाचे हे पुढारी दुसऱ्या फेरीपासून पासिकिवींबरोबर होते आणि युद्ध सुरू झाल्यावर परराष्ट्रमंत्री झाले. त्यांचे पुस्तक १९५० मध्ये निघाले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली असता त्यांच्या शीर्षकांपासूनच फरक दिसू लागतो. टान्नर ह्यांचे शीर्षक ‘हिवाळी युद्धाच्या वेळी मी परराष्ट्रमंत्री होतो’ अशा अर्थाचे आहे. त्यातील ‘परराष्ट्रमंत्री’ हा शब्द फिनिश भाषेतील अशा विभक्तीत आहे, की जी तात्पुरती अवस्था किंवा काही काळापुरती भूमिका दर्शविते. पासिकिवी ह्यांच्या शीर्षकात क्रियापद नाही. ‘मॉस्को व फिनलंड येथील माझे कार्य’ असा स्वामित्वदर्शक प्रत्यय लावलेला नामसमूह तेवढा आहे. टान्नर आपल्यावर आलेल्या पदाचा जबाब देतात. पासिकिवी आपल्या कार्याची मांडणी करतात. आतील निवेदनही ह्या भेदाला धरूनच आहे. टान्नर प्रसंग सांगतात आणि पुढे जातात. पासिकिवी प्रसंग सांगून थांबतात, इतिहासातील दाखले आणतात, लहान राष्ट्र व महासत्ता ह्यांच्या संबंधांवर भाष्य करतात आणि मग पुन्हा प्रसंगाकडे वळतात. विवेचनाने निवेदनावर केलेली ही मात वाचकाला कधीकधी जड जाते. परंतु पुस्तकाचे महत्त्वही तिच्यातच आहे.

पासिकिवी ह्यांची भूमिका अशी की, सोव्हिएत पक्षाची लेनिनग्राडविषयक चिंता ही सबब नसून खरा लष्करी हितसंबंध आहे. तो ओळखून अधिक सवलती द्यावयास हव्या होत्या. मानेरहाइम ह्यांचे मतही ह्याच बाजूचे होते. हेलसिंकीतील सरकार, विशेषतः परराष्ट्रमंत्री एल्यास एर्को, ह्या मताचे नव्हते. ३ नोव्हेंबरच्या बैठकीत, आता सैनिकांची पाळी आली, अशा आशयाचे उद्गार मोलोटोव्ह ह्यांनी काढले. त्यातील अर्थ पासिकिवी ह्यांना जितका जाणवला तितका हेलसिंकीत जाणवला नाही. ३० नोव्हेंबरला युद्धास तोंड लागले. १२ मार्च १९४० च्या मॉस्को-तहाने फिनलंडने प्रथम मागितले होते त्यापेक्षा कितीतरी अधिक गमावले. त्या तहावर सही करणाऱ्यांतही पासिकिवी होते. सुमारे ३७ लाख लोकसंख्येच्या देशात ४ लाखांहून अधिक माणसे गेलेल्या मुलुखातून निर्वासित होऊन आली.

ह्या परिणामाकडे पाहून पासिकिवी ह्यांची बाजू सिद्ध झाली, असा निष्कर्ष काढण्याची प्रथा आहे. तो निष्कर्ष घाईचा आहे. एस्टोनिया, लॅटव्हिया व लिथुएनिया ह्यांनी १९३९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सोव्हिएत सैन्याला तळ दिले, आणि १९४० च्या जूनमध्ये ती तिन्ही राष्ट्रे सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात गेली. मागितलेले दिले असते तर स्टालिन तेथेच थांबले असते, हे आठवणींतील युक्तिवादाचे गृहीत आहे, आणि ते सिद्ध करण्याचे साधन लेखकापाशी नव्हते. म्हणून हे पुस्तक निर्णायक पुरावा म्हणून न वाचता, एका विशिष्ट विचारपद्धतीची प्रामाणिक नोंद म्हणून वाचणे योग्य होय.

५

रेषेचा दुसरा मोठा भंग १९४१ मध्ये दिसतो. मॉस्को-तहानंतर पासिकिवी मॉस्को येथे राजदूत झाले. पेत्सामोच्या निकेल-खाणींवरून सोव्हिएत सरकारशी चाललेला वाद हाताळताना हेलसिंकीशी त्यांचे मतभेद झाले, आणि १९४१ मध्ये त्यांनी पद सोडले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये फिनलंड जर्मनीच्या बाजूने सोव्हिएत संघाविरुद्ध पुन्हा युद्धात उतरला. ह्या युद्धाच्या पहिल्या टप्प्यात जर्मनीचा विजय होणार, असे पासिकिवी ह्यांनाही वाटत होते. वस्तुस्थितीचा स्वीकार हा शहाणपणाचा आरंभ होय, ह्या आशयाचे वचन त्यांच्या नावाशी नेहमी जोडले जाते. परंतु १९४१ च्या उन्हाळ्यातील वस्तुस्थिती कोणती होती? जर्मन फौजांची घोडदौड ही त्या क्षणी डोळ्यांना दिसणारी वस्तुस्थितीच होती. वास्तववादी मनुष्य आजचे बळ हेच कायमचे बळ मानण्याच्या धोक्यात असतो. पासिकिवी ह्यांच्यासारखा अनुभवी मनुष्यही त्या धोक्यातून सुटला नाही.

चरित्रकार ह्या प्रसंगाला ‘तात्पुरते स्खलन’ म्हणून बाजूला सारतात. तसे केल्याने रेषा सरळ राहते, पण माणूस हरवतो. प्रस्तुत लेखकाच्या मते १९०९, १९१८, १९३९ आणि १९४१ ह्या वर्षांतील पासिकिवींची मते परस्परविरोधी दिसली, तरी त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच आहे : ज्या महासत्तेच्या छायेत आपल्याला राहावयाचे आहे, तिचे बोलणे कोणते, आणि बोलण्यामागील खरी गरज कोणती? व्याकरणाचे नियम तेच राहून प्रसंगपरत्वे वाक्ये भिन्न होतात, तसाच हा प्रकार आहे. सातत्य नियमांत आहे. वाक्यांत ते शोधू गेल्यास निराशाच पदरी येईल. आणि व्याकरणशुद्ध वाक्य सत्यच असते असे नाही, ही भाषेतील गोष्ट राजकारणातही खरी आहे.

६

हीच पद्धती सर्वाधिक यशस्वी ठरली ती १९४४ नंतरच्या काळात. त्या वर्षीच्या मार्चमध्ये तहाच्या अटी समजून घेण्यासाठी पासिकिवी कार्ल एन्केल ह्यांच्यासह मॉस्कोला जाऊन आले होते. अटी अतिशय कडक असल्याने फिनलंडने त्या नाकारल्या. १९ सप्टेंबरला युद्धविरामाचा करार झाला, आणि १७ नोव्हेंबरला पासिकिवी पंतप्रधान झाले. ३० कोटी डॉलर किमतीची युद्धखंडणी वस्तुरूपाने द्यावयाची होती, हेलसिंकीच्या पश्चिमेस पोर्क्काला येथे सोव्हिएत तळ बसला होता, आणि मित्रराष्ट्रांचे नियंत्रण-मंडळ राजधानीत येऊन राहिले होते. मार्च १९४६ मध्ये मानेरहाइम निवृत्त झाल्यावर संसदेने पासिकिवी ह्यांची राष्ट्राध्यक्ष म्हणून निवड केली.

२२ फेब्रुवारी १९४८ च्या पत्राने स्टालिन ह्यांनी, रुमानिया व हंगेरी ह्यांच्याशी नुकत्याच झालेल्या करारांसारखा करार फिनलंडशीही व्हावा, असे सुचविले. पासिकिवी स्वतः मॉस्कोला गेले नाहीत. हेलसिंकीत राहून त्यांनी शिष्टमंडळाला तारांनी मार्गदर्शन केले. ६ एप्रिल १९४८ रोजी झालेला ‘मैत्री, सहकार्य व परस्परसाहाय्य’ करार भाषाभ्यासकाने शब्दशः वाचावा अशा योग्यतेचा आहे. पहिल्या कलमातील कर्तव्य फिनलंडवर, किंवा फिनलंडमधून सोव्हिएत संघावर, जर्मनीने अथवा तिच्या मित्रराष्ट्राने हल्ला केला तरच उत्पन्न होते. फिनलंडने लढावयाचे ते आपल्या सीमेच्या आत. आणि सोव्हिएत मदत यावयाची ती आवश्यकता भासल्यास, उभयपक्षी संमतीने. दुसऱ्या कलमाप्रमाणे हल्ल्याचा धोका आहे असे निश्चित झाल्यास दोन्ही पक्षांनी विचारविनिमय करावयाचा. रुमानिया व हंगेरी ह्यांच्या करारांत सर्व महत्त्वाच्या आंतरराष्ट्रीय प्रश्नांवर सल्लामसलत करण्याचे बंधन होते. ते येथे नाही. प्रास्ताविकात महासत्तांच्या हितविरोधापासून अलिप्त राहण्याची फिनलंडची ‘इच्छा’ नोंदविली आहे. ‘तटस्थता’ हा शब्द करारात नाही. जे स्थान म्हणून मान्य करून घेता आले नसते, ते इच्छा म्हणून लिहवून घेतले गेले.

‘जर’, ‘आवश्यकता भासल्यास’, ‘संमतीने’, ‘निश्चित झाल्यास’ : ह्या करारातील फिनलंडचे रक्षण अशा अटदर्शक पदांत आहे. त्यांची किंमत पुढे कळून आली. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी सोव्हिएत सरकारने ह्याच कराराचा आधार घेऊन फिनलंडला लष्करी विचारविनिमयाचे आमंत्रण दिले, तेव्हा केक्कोनेन ह्यांनी नोव्होसिबिर्स्क येथे जाऊन तो विचारविनिमय लांबणीवर टाकून घेतला. करार इतका सशर्त नसता, तर लांबणीवर टाकण्यास जागा उरली असती काय, ह्याची शंका वाटते.

७

भाषणांतील पासिकिवी आश्वासक आहेत. ६ डिसेंबर १९४४ च्या स्वातंत्र्यदिनी केलेल्या भाषणापासून त्यांनी शेजाऱ्याशी विश्वासाचे संबंध हा देशाच्या परराष्ट्रनीतीचा पाया म्हणून सांगितला, आणि तो शांत, ठाम वाक्यांत सांगितला. ‘रेषा’ हा शब्द ह्या भाषणांच्या जगातला आहे. रोजनिशीतील जग निराळे आहे. तेथे चिडचिड आहे, सहकाऱ्यांवरील राग आहे, परभाषांतील वचने आहेत, आणि आपला देश टिकेल की नाही ही भीती पुनःपुन्हा डोके वर काढते. लोकांना धीर देणारा मनुष्य स्वतः धीर शोधीत होता, हे कळल्यावर भाषणांची किंमत कमी होत नाही. ती किती कष्टाने उभी राहिली हे कळते.

ह्या कष्टाचा सर्वांत कठीण भाग म्हणजे १९४५–४६ मधील युद्ध-जबाबदारीचे खटले. कृत्य घडून गेल्यानंतर केलेल्या कायद्याने माणसांना शिक्षा देणे हे कायद्याच्या मूलतत्त्वांविरुद्ध आहे, हे कायद्याच्या ह्या डॉक्टरला कोणी शिकवावयास नको होते. तरीही युद्धविरामाच्या अटीपुढे मान तुकवून त्यांच्या सरकारने तसा कायदा केला. युद्धकाळातील राष्ट्राध्यक्ष रिस्तो र्‍युती ह्यांना १० वर्षांची, तर मॉस्कोतील जुने सहकारी टान्नर ह्यांना साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. ज्या युद्धाच्या आरंभी पासिकिवी ह्यांची अपेक्षा फारशी निराळी नव्हती, त्या युद्धाबद्दल इतर तुरुंगात गेले आणि ते राष्ट्राध्यक्षपदी गेले. १९४९ मध्ये त्यांनी र्‍युती ह्यांना क्षमा देऊन मुक्त केले. पण हिशोब तेवढ्याने पुरा होत नाही. देशावर परकीय अंमल आणण्यापेक्षा हा अन्याय पत्करावा, असा बचाव करता येतो, आणि तो बळकट आहे. तथापि, तो बचाव आहे हे विसरून त्यालाच शहाणपण म्हणणारे चरित्र अपुरे समजले पाहिजे.

८

शेवटी, ह्या रेषेच्या पोटी जन्मलेल्या दुसऱ्या एका शब्दाचा विचार केला पाहिजे. १९६० नंतरच्या दशकात पश्चिम जर्मनीतील राजकीय वादात ‘फिनलंडीकरण’ हा शब्द प्रचारात आला. बलाढ्य शेजाऱ्याच्या धाकाने लहान राष्ट्राने आपले बोलणे व वागणे आधीच आवरून घ्यावे, असा त्याचा निंदार्थ आहे. जर्मन शब्द सकर्मक धातूवरून बनला असून, कोणीतरी कोणावर केलेली क्रिया त्यातून सूचित होते. फिनिश लोकांनी त्यासाठी ‘सुओमेत्तुमिनेन’ असा जो शब्द घडविला, तो अकर्मक धातूपासून आला आहे : आपोआप तसे होत जाणे. मराठीत ‘बाष्पीकरण’ व ‘बाष्पीभवन’ ह्यांत जो भेद आहे तोच येथे आहे. जर्मन शब्द ‘फिनलंडीकरण’ म्हणतो, फिनिश शब्द ‘फिनलंडीभवन’ म्हणतो. पहिल्यात दोष महासत्तेकडे जातो. दुसऱ्यात तो स्वतःकडे येतो. केक्कोनेन-काळातील फिनिश वृत्तपत्रे व पुढारी ह्यांनी न सांगता पाळलेल्या मौनाचे वर्णन करण्यास दुसराच शब्द अधिक नेमका आहे.

हा दोष पासिकिवी ह्यांच्या माथी कितपत मारावा? त्यांनी करारात अटी घातल्या, त्या स्वातंत्र्याला जागा राहावी म्हणून. पुढील पिढीने त्या जागेचा पुरता उपयोग न करता नावाची जपमाळ ओढली, आणि पद्धतीचे सूत्र झाले. १९५५ च्या सप्टेंबरात वयाच्या ८४ व्या वर्षी मॉस्कोला जाऊन पासिकिवी ह्यांनी पोर्क्काला परत मिळविण्याचा करार केला, आणि जानेवारी १९५६ मध्ये तो मुलूख फिनलंडच्या ताब्यात आला. मिळते घेण्याचा हेतू परत मिळविणे हाच होता, ह्याचा हा पुरावा समजावा. १९४८ चा करार १९९२ मध्ये संपुष्टात आला, आणि ४ एप्रिल २०२३ रोजी फिनलंड उत्तर अटलांटिक करार-संघटनेचा सदस्य झाला. ह्या घटनेने पासिकिवींची रेषा पुसली गेली, असे म्हणता येते. परंतु २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केल्यानंतर, शेजाऱ्याचे शब्द व त्याचे खरे हेतू ह्यांचा पुनर्विचार करूनच फिनलंड ह्या निर्णयास आला, हे ध्यानात घेतले तर उत्तर बदलले असून प्रश्न तोच राहिला आहे, असे दिसून येईल. पासिकिवी ह्यांच्या कार्यातील टिकाऊ भाग तो प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर चुकू शकते, हेही त्यांच्याच आयुष्यावरून शिकावयाचे आहे.